मेस्त, मजुरी आणि क्लच

गाडीचा क्लच घसरू लागला की गोव्यातला माणूस आधी गॅरेजमध्ये जात नाही, आधी फोन घेऊन बसतो. मेव्हण्याला फोन, शेजाऱ्याला फोन, जुन्या वर्गमित्राला फोन. "तुझ्या ओळखीचा कोणी चांगला मेस्त आहे काय?" एखादे नाव पुढे आले की पाठोपाठचा प्रश्न ठरलेला : "कोणाचो तो?" म्हणजे कुठल्या गावचा, कुठल्या वाड्यावरचा, कोणाच्या नात्यातला. तो काम कसे करतो हे विचारायचे बहुतेक वेळा राहूनच जाते. नाव ओळखीचे निघाले की गाडी त्याच्या स्वाधीन, नाही निघाले की शोध पुढे चालू.

विश्वासू मेकॅनिक शोधायची ही रीत मला मुळातच उलटी वाटते. आणि असा माणूस मिळत नाही म्हणून आपण जी ओरड करतो, तिच्यात आपला स्वतःचा वाटा बराच मोठा आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

आधी शब्दाविषयी थोडे. आपल्याकडे सुतार मेस्त, गवंडी मेस्त आणि गाडी दुरुस्त करणाराही मेस्तच. मूळ पोर्तुगीज शब्द 'मेस्त्र'. मराठी-हिंदीतला मिस्त्रीही त्याच घरचा. बार्देशातल्या आसगावात १८५५ साली जन्मलेल्या मोन्सेन्योर दाल्गाद यांनी आशियाई भाषांत मुरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश १९१३ मध्ये कोइंब्र येथे प्रसिद्ध केला, तो चाळताना असे नातेवाईक पानोपानी भेटतात. मेस्त्र म्हणजे ज्याला आपले काम पूर्ण येते आणि जो ते दुसऱ्याला शिकवू शकतो असा माणूस. म्हणून तर चर्चच्या शाळेत संगीत शिकवणाराही मेस्त्र. या शब्दात हुन्नराची ग्वाही आहे, कुळाचा पत्ता नाही. पत्ता आपण नंतर चिकटवला.

आता क्लचच का, असे कोणी विचारील. कारण विश्वासाची खरी परीक्षा या एका कामात होते. पंक्चर झाले तर खिळा दिसतो. बॅटरी बसली तर मीटर लावून दाखवता येते. टायर झिजला तर आपलेच बोट फिरवून कळते. क्लच मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये, बंद डब्यात. इंजिनाबरोबर फिरणारी फ्लायव्हील नावाची जड लोखंडी चकती, तिच्यावर दाबून बसलेली अस्तराची क्लच प्लेट, आणि ती दाबून धरणारी प्रेशर प्लेट. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकून हा दाब सोडवते आणि इंजिन चाकांपासून सुटते. अस्तर झिजले की पकड जाते. पण किती झिजले हे पाहायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि तो एकदा उतरवला की निम्म्याहून अधिक मजुरी तिथेच झालेली असते. म्हणजे निदान खरे की खोटे हे कळायच्या आत गिऱ्हाईक खर्चात पडलेले. "पात्रांव, क्लच गेलो," एवढ्या तीन शब्दांवर आपल्याला मान डोलवावी लागते.

आणि हे तीन शब्द फार लवकर उच्चारले जातात. क्लचची तक्रार म्हणजे क्लच प्लेटच संपली असे नेहमीच नसते. अनेक छोट्या गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत वायर असते. प्लेट थोडी झिजली की या वायरीतली ढील संपते, क्लच किंचित दाबलेलाच राहतो आणि घसरतो. एक नट फिरवून ढील पुन्हा दिली तर तीच प्लेट पुढे कित्येक महिने चालू शकते. उलट वायर ताणून सैल पडली तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर पडताना अडतो, करकरतो. ज्या गाड्यांत वायरीऐवजी तेलाचा दाब असतो, तिथे सिलिंडरमधून तेल गळले तरी हेच लक्षण दिसते. आवाजाचेही तसेच. पेडल दाबताच घरघर सुरू झाली आणि सोडल्यावर थांबली तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल सोडलेले असताना घरघर आहे आणि दाबताच ती थांबते, तर पाहायचे ते गिअरबॉक्समधल्या बेअरिंगकडे. दोन्ही तक्रारींवर 'क्लच सेट बदला' हे एकच उत्तर देणारा मेस्त चोरच असेल असे मी म्हणणार नाही. पण त्याने गाडी तपासलेली नाही एवढे नक्की.

म्हणून माझी पहिली कसोटी साधी आहे : मेस्त गाडीत बसतो का? जो बॉनेट न उघडता, स्टिअरिंगला हात न लावता, उभ्या उभ्या निकाल देतो, त्याला नमस्कार करून निघावे. जाणता मेस्त गाडी चढावावर नेतो. वरच्या गिअरमध्ये जरा जोर देऊन पाहतो की रेस वाढते पण वेग वाढत नाही, असे होते का. किंवा मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडतो. क्लच शाबूत असेल तर इंजिन धक्का देऊन बंद पडते. बंद न पडता घुरघुरत राहिले तर प्लेट घसरते आहे. (हा प्रयोग एकदाच करायचा असतो. हौसेने चार वेळा केला तर उरलेले अस्तरही जळून जाईल.) आपल्याकडे चोर्ल्याचा घाट आहे, अनमोडचा आहे, म्हापशाला आणि पणजीला आल्तिनो आहे. परीक्षा घ्यायला चढ शोधत फिरावे लागत नाही.

समजा, प्लेट खरेच संपली आहे. मग दुसरा पेच. मेस्त म्हणतो, नुसती प्लेट नको, पूर्ण सेट घाला : प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग. आपल्याला वाटते, हा लुबाडतो आहे. इथे बहुधा तोच बरोबर असतो. पंचवीस-तीस किलोचा गिअरबॉक्स, पुढच्या चाकांचे शाफ्ट काढून, त्यातले ऑइल रिकामे करून खाली उतरवायचा, आणि शेपाचशे रुपये वाचवण्यासाठी जुने बेअरिंग परत आत ठेवायचे, हा हिशेब खोटा आहे. ते बेअरिंग सहा महिन्यांनी ओरडू लागले तर सगळी मजुरी पुन्हा. तीच गोष्ट ऑइल सीलची. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून तेल झिरपून प्लेटवर येत असेल तर नवी प्लेटही तेलकट होऊन घसरणार. फ्लायव्हीलवर चरे पडले असतील, तापून निळसर डाग उठले असतील, तर ती लेथवर घासून सपाट करून घ्यायला हवी. अस्तर पार रिव्हेटपर्यंत झिजू दिलेल्या गाड्यांत असे चरे हमखास दिसतात.

अशी कामे सांगणारा मेस्त महाग वाटतो. न सांगणारा स्वस्त वाटतो. माझा पेशा कारकुनीचा, तेव्हा एक गंमत सांगतो. सरकारी गाडीच्या दुरुस्तीला तीन कोटेशने मागवण्याची जुनी चाल आहे. ज्याने कोटेशनमध्ये सील लिहिले, फ्लायव्हीलचे लेथकाम लिहिले, गिअर ऑइल लिहिले, त्याचा आकडा साहजिकच मोठा. ज्याने 'क्लच प्लेट बदलणे' एवढेच लिहिले त्याचा सर्वांत कमी. तक्ता करणाऱ्या कारकुनाने कमीतला आकडा लाल पेनने अधोरेखित केला की त्याचे काम संपले. मग वर्षाच्या आत तीच गाडी, तोच क्लच, नवी फाइल. कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी नियम मोडला नाही, फक्त प्रामाणिक माणूस पहिल्या फेरीत बाद झाला. घरच्या गाडीसाठी दहा गॅरेजांत 'कितलो खर्च येतलो?' विचारत फिरणारे आपण यापेक्षा वेगळे काय करतो?

आता मजुरीकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ तिथे आहे. समजुतीपुरते आकडे घेऊ. क्लच सेट पाच हजारांचा, मजुरी अडीच हजार. पाच हजारांवर आपण हूं की चूं करत नाही. खोक्यावर किंमत छापलेली आहे, कंपनीचे नाव आहे, होलोग्राम चमकतो आहे. मजुरीवर मात्र आपल्या जिभेला धार चढते. "अडीच हजार? एका दिवसाच्या कामाचे? मात्शें उणें कर रे." पाचशे उतरवून घेतले की विजयी मुद्रेने घरी. तो मेस्त काय करतो? ज्याच्या घरी तेच तेल, तेच तांदूळ, तीच शाळेची फी आहे, तो हे पाचशे कुठून तरी भरून काढतो. खोके बदलते. तेवढ्याच झगझगीत खोक्यातला बत्तीसशेचा नकली सेट पाच हजारांना लागतो. किंवा स्पेअर पार्टच्या दुकानातून त्याची दस्तुरी सुटते आणि ती आपल्याच बिलात मिसळते. आपण पाचशे वाचवले, अठराशे घालवले, आणि क्लच किती टिकेल ते देवाला ठाऊक.

मेस्ताने असे करू नये, हे खरे. मी त्याचे समर्थन करत नाही. पण हुन्नराला भाव द्यायचा नाही आणि वस्तूला मात्र मागेल तो द्यायचा, असे ज्या समाजाने ठरवले, तिथे हुन्नरी माणूस वस्तू विकायला लागणारच. डॉक्टरच्या तपासणीची फी आपण घासाघीस न करता देतो. मेस्ताच्या तपासणीला पैसे द्यायचे असतात हेच आपल्याला मान्य नाही. "बघून तर दिले, त्याचे कसले पैसे?" मग बघून झाल्यावर काहीतरी बदलल्याशिवाय त्याला कमाई नाही. म्हणजे वायरीचा नट फिरवून गाडी परत देणारा मेस्त आपल्याकडून चहाचे पैसे घेऊन जातो, आणि न लागणारा सेट घालणारा हजारो रुपये. प्रामाणिकपणावर याहून मोठा दंड कोणता असू शकतो?

त्या कामाचे स्वरूपही जरा पाहावे. आपल्या गावातली बरीच गॅरेजे म्हणजे फणसाच्या झाडाखाली चार पत्रे. खड्डा नाही, लिफ्ट नाही. जॅक लावून, चिऱ्यांचा आधार देऊन, उताणे पडून गिअरबॉक्स छातीवर झेलायचा. परत चढवताना प्लेट बरोबर मध्यावर आणण्यासाठी डमी शाफ्ट लावायचा, नाहीतर गिअरबॉक्स आत शिरतच नाही. प्लेटीची भुकटी नाकातोंडात जाते. जुन्या प्लेटींच्या अस्तरात तर ॲसबेस्टॉस असायचे. पावसाळ्यात हे सगळे चिखलात. या कामाला अडीच हजार जास्त वाटतात तेव्हा आपण कशाशी तुलना करत असतो, हा मला पडलेला प्रश्न आहे.

'आमचोच मनीस' या प्रकाराविषयी थोडे स्पष्ट बोललेले बरे. ओळखीचा मेस्त फसवत नाही, हा आपला समज. अनुभव असा की ओळखीच्या माणसाकडे बिल मागता येत नाही, जुने सामान दाखव म्हणता येत नाही, काम बिघडले तर भांडता येत नाही. लग्नाकार्यात समोरासमोर यायचे असते ना! ओळख हा विश्वासाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, प्रत्यक्षात ती तपासणीला घातलेली बंदी ठरते. दुसरीकडे, बेळगावकडून आलेला, कारवारचा, केरळचा किंवा उत्तर प्रदेशातला पोरगा उत्तम काम करत असला तरी तो 'भायलो', म्हणून संशयित. चोरी झाली की पहिली नजर त्याच्यावर. गोव्यात आज बाहेरून आलेल्यांनी हात काढून घेतले तर किती गॅरेजे उघडी राहतील, याचा विचार हा शब्द तोंडात येण्यापूर्वी करावा.

मग चांगला मेस्त कोणाला विचारावा? ज्याचे पोट गाडीवर आहे त्याला. दुचाकी असेल तर पिवळ्या मडगार्डवाल्या पायलटला विचारा. चारचाकी असेल तर टॅक्सीवाल्याला, आणि सर्वांत उत्तम म्हणजे मासळीच्या टेम्पोवाल्याला. क्लच गेला तर आपली ऑफिसला दांडी होते. त्याचा बर्फ वितळतो आणि बांगडे कुजतात. तो कोणाच्या नात्यातला मेस्त म्हणून गाडी कुठे लावत नाही. (मोटारसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, तेव्हा तिथे 'जासो एमए' प्रतीचे तेल लागते. कुठलेही मोटारीचे तेल ओतणारा मेस्त दिसला की तिथूनही निघावे.)

काहीजण म्हणतील, ही कटकट नकोच, सरळ कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जावे. अवश्य जावे. तिथे छापील बिल मिळते, एसी खोलीत कॉफी मिळते. पण तिथे गाडीखाली कोण शिरतो हे दिसत नाही. काचेपलीकडचा टाय लावलेला तरुण मेस्त नसतो, त्याच्यापुढे महिन्याचे टार्गेट असते. आणि छोट्या मेस्ताची कोंडी कंपन्यांनीही केली आहे, हे विसरू नये. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे खुल्या बाजारात न देता स्वतःच्याच वर्कशॉपांपुरती ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. प्रकरणे पुढे अपिलात गेली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने पोर्टल सुरू केले, त्यात वाहनेही आहेत. हा प्रश्न क्लचपर्यंत येऊन पोचतो. पेडल नसलेल्या एएमटी गाड्यांतही क्लच असतोच, तो यंत्र दाबते इतकेच. तो बदलल्यावर गाडीच्या संगणकाला नव्या क्लचची पकड स्कॅनर लावून शिकवावी लागते. तो स्कॅनर झाडाखालच्या मेस्ताला परवडेल असा मिळाला नाही तर त्याचा हुन्नर असूनही उपयोग नाही.

बिलाविषयीही सांगतो, कारण आपण तेही मागत नाही. "बिल हवे तर जीएसटी लागेल," असे म्हटले की आपणच म्हणतो, राहू दे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात (तो जुलै २०२० पासून लागू झाला) बिल किंवा पावती न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलावर भागाचे नाव, मेक आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. जुनी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग परत मागावे, घरी नेऊन काही करायचे नसले तरी. काम सुरू होण्यापूर्वीच "जुने सामान मला द्या" म्हटले की निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. चांगल्या मेस्ताला याचा राग येत नाही. उलट तो प्लेट हातात देतो, रिव्हेटवर बोट ठेवून दाखवतो आणि वर विचारतो, "गाडी कोण चालवतो? फेरीबोटीच्या रांगेत उतारावर हँडब्रेक लावता की हाफ क्लचवर धरून ठेवता?" झिजलेली प्लेट त्याला वाचता येते. आमच्या कार्यालयातल्या एक बाई गाडी घेऊन गेल्या तेव्हा एका गॅरेजमध्ये त्यांना "मिस्टरांना पाठवा" असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणच्या मेस्ताने त्यांनाच वाकवून गाडीखालचे गळणारे सील दाखवले. मजुरी त्याची तीनशेने जास्त होती. बाईंनी ती दिली आणि आता कार्यालयातल्या निम्म्या गाड्या तिथे जातात.

फोंड्याकडचा हा मेस्त पन्नाशीचा आहे. आयटीआय करून तिसाव्या वर्षी स्वतःचे गॅरेज टाकले. आता कंबर धरली आहे, गिअरबॉक्स पेलवत नाही, म्हणून हाताखाली खानापूरकडचा एक पोरगा ठेवला आहे. तो चांगला तयार होतो आहे म्हणे. स्वतःचा मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. परवा मी गाडी घेऊन गेलो तेव्हा हात पुसता पुसता मेस्ताने मला बाजूला घेतले आणि हळूच विचारले, तुमच्या खात्यात एलडीसीच्या जागा कधी निघणार आहेत?